कुडपणला सांगितलेलं नातं

बाळाराम, आधी तुझ्याशी भांडून घेतो. रडणं काय, ते पोस्टकार्ड आल्यापासून चालूच आहे.

मी सोमवारी सकाळच्या गाडीने महाडहून पुण्याला परत आलो आणि तू बुधवारी गेलास. कोर्टात, चहाच्या सुट्टीत, छातीत कळ आली म्हणून बाकावर टेकलास तो उठलाच नाहीस. मला ते कळायला पुढचा सोमवार उजाडला. तुमच्या कोर्टाच्या नाझरांनी पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्या होत्या. तोवर सगळं आटोपलं होतं. तू नाहीस आणि मी पुण्यात टाइपरायटरच्या दांड्या सरळ करत, शिट्टी वाजवत काम करतोय, असे पाच दिवस गेले. त्या शिट्टीची मला अजून लाज वाटते.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्या टेबलाशी आलो तेव्हा तू मला मशीनला हात लावू दिला नव्हतास. चौऱ्याहत्तरचा हिवाळा. टाइपरायटर दुरुस्तीसाठी कंपनी मला वर्षातून दोनदा महाडला धाडायला लागली होती. कोर्ट, कचेरी, दोन शाळा, एखादा वकील, असं आठ-दहा दिवसांचं काम. मशीन उघडायचं, रॉकेलने धुवायचं, तेल द्यायचं, झिजलेला रूळ बदलायचा. तू नक्कल विभागातला टंकलेखक. तुझं मशीन इतकं स्वच्छ की मला राग आला. अक्षरांच्या पोटातली शाई तू रोज सुईने काढायचास. मी म्हणालो, "अहो, मला काही काम ठेवाल की नाही?" तू म्हणालास, "शेजारच्या टेबलावर भरपूर आहे."

माझी खरी अडचण रविवारची होती. सहा दिवस कसेही जात, पण रविवारी एसटी स्टँडसमोरच्या त्या लॉजमध्ये माणसाने करायचं काय? लॉजवाल्याने सांगितलं, गरम पाण्याचं कुंड बघा, चवदार तळं बघा, झालं महाड. ते दोन्ही बघून मी साडेदहाला खोलीत परत! शेवटी तुलाच विचारलं, "इथे रविवारी माणूस करतो काय?"

"झोपतो," तू म्हणालास. मग टाइप करता करता माझ्या पायांकडे नजर टाकलीस. "चालवतं का?"

"पुण्याचा आहे मी. पर्वती रोज चढतो."

तू हसला नाहीस. पण समोरच्या नकलेत तुझी एक ओळ चुकली आणि सबंध कागद नव्याने घालावा लागला, हे मी पाहिलं होतं. पुढे कधी बोललो नाही इतकंच.

त्या रविवारी तू मला पहिल्या गाडीने पोलादपूरला आणि तिथून कापड्याला नेलंस. भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, त्यांच्या बांधावरून आपण मागच्या डोंगराला लागलो. माझ्या पायात ऑफिसचे बूट. अर्ध्या चढावर उजव्या बुटाचा तळ निघाला आणि जबडा उघडून चालायला लागला. तू खिशातून टाइपरायटरची जुनी फीत काढलीस आणि बूट करकचून बांधून दिलास. दिवसभर माझा मोजा काळा होत राहिला. वर पोचल्यावर मी दगडावर आडवा झालो, तर तू म्हणालास, "पर्वती संपली वाटतं."

तिथून आपली गट्टी जमली. मी कंपनीला सांगून महाडचा दौरा असा मागून घ्यायचो की मध्ये एक तरी रविवार पडेल, जमलं तर दोन. साहेबाला वाटायचं, केवढा कामसू माणूस. मंगळगडाच्या माचीवर आपण दोघांनी एक अख्खा फणस संपवला होता, हाताला तेल न लावता, आणि माझी बोटं मंगळवारपर्यंत कीबोर्डला चिकटत होती. सावित्रीच्या डोहात तू मला पोहायला शिकवायचा प्रयत्न केलास आणि दोन तासांनी सोडून दिलास. ओढ्यातल्या खेकड्याला मागून कसं धरायचं ते मात्र शिकवलंस. आणि वाट. मी वाट कुणाला तरी विचारायला निघालो की तू म्हणायचास, "माणसाला कशाला विचारतोस, शेण बघ." गुरं कधी उगाच खडी चढण चढत नाहीत, जिथे शेण पडलंय तिथून वाट सोपी जाते. पुण्यात मी हे सांगतो तेव्हा लोक हसतात. पण त्या शेणाच्या मागून चालून आपण एकदाही चुकलो नाही.

घरी तुझ्याकडे मी किती जेवलो असेन! सुमन वहिनींच्या हातचं सुक्या जवळ्याचं कालवण खाऊन मी एकदा म्हणालो होतो की माझी बदलीच महाडला करून घेतो. वहिनी म्हणाल्या होत्या, "घ्या ना, आमाला काय. फकस्त ह्यांना रईवारी घरी ठेवा." तू मान खाली घालून जेवत होतास, चोरासारखा.

तुझी एक खोड मात्र मला कधी कळली नाही. डोंगरातल्या कुठल्याही वाडीत शिरलो की पहिल्या घरापुढे अंगणात थांबून, कुणी विचारायच्या आत तू तुझं नाव सांगायचास. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, महाडच्या कुठल्या वस्तीतला तेसुद्धा. मी खो खो हसायचो. "अरे, कोर्टाचा पुकारा आहे का हा?" मग घरातलं माणूस तुझ्याकडे बघायचं, आणि पुढे काय ते व्हायचं. कुठे ओटीवर बोलवत. कुठे "बसा जरा" म्हणून आत जात, ते बाहेर येतच नसत. कुठे बाई तांब्या घेऊन यायची आणि पाणी वरून तुझ्या ओंजळीत धरायला बघायची. तेव्हा तू हसून म्हणायचास, "राहू द्या ताई, आमच्याकडे आहे," आणि आपल्या ॲल्युमिनियमच्या बाटलीतून पाणी प्यायचास. मला वाटायचं, हा इतकं कशाला लावून घेतो? नाव नाही सांगितलं तर कोण विचारतंय? तुझ्या वडिलांनी सत्याग्रहाच्या वेळी चवदार तळ्यात उतरून ओंजळ भरली होती, हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही खेकडे शोधता शोधता. मी "हो का?" म्हणालो आणि पुढचा दगड उलटला.

मग कुडपण.

एकोणऐंशी साल, शिमग्याच्या आधीचा रविवार. पठारावरच्या त्या वाडीत जायला तेव्हा पायवाटच होती. ऊन असं की डोंगर तव्यासारखा तापलेला. अर्ध्या वाटेतच तुझ्या टाचेला फोड आला आणि तू मागे पडायला लागलास. पाण्याची बाटली माझ्याकडे होती. ती मी संपवली. तुला विचारलं नाही, थेंब ठेवला नाही. बोलत बोलत चढत होतो आणि पीत होतो. वर पोचल्यावर हलवून बघितली तर रिकामी, आणि तू खाली वळणावर, हळूहळू येतोयस, तोंड पांढरं पडलेलं.

पहिल्याच घराच्या ओटीवर एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. मी तिच्यापुढे गेलो.

"कुठनं आलाव रे बाबा?"

"पुण्याचा मी, आजी." आडनाव सांगितलं. माझं आडनाव तिथे चालणारं, आपोआप ओटीवर नेणारं.

"आनि तो मागला?"

तुझ्याकडे बघितलं. तू लंगडत होतास. मी मनात म्हटलं, आज नको बाबा तुझा तो पुकारा, आज तुला पाणी मिळालं पाहिजे. आणि म्हणालो, "माझा मावसभाऊ."

बाळाराम, शपथेवर सांगतो, मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला. मला वाटलं, वा! तुला भाऊ केलं मी.

तू अंगणात आलास, श्वास घेतलास, तोंड उघडलंस. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "बस रे बस, हितं वर बस. सांगितलंन तुझ्या भावानं. मावसभाव ना तुमी?" आणि भरलेला तांब्या तिने तुझ्या हातात दिला, वरून नाही, हातात. तू माझ्याकडे बघितलंस. मी डोळा मारला. डोळा मारला मी, बाळाराम! तुला इतकी तहान लागली होती की तू प्यायलास. सगळा तांब्या प्यायलास. मग तिने नाचणीची भाकरी दिली, लसणाची चटणी, ताक. मी ओरपलं. तू अर्धी भाकरी खाल्लीस आणि उरलेली हातात धरून बसलास. ती मला म्हणाली, "तुझा भाव लय गरीब हाय सभावानं, बोलत नाय." मी म्हणालो, "लहानपणापासून तसाच आहे."

उतरताना तू लंगडत पुढे चालत राहिलास. मी तुझ्या फोडाची चौकशी केली, गाडीच्या वेळेबद्दल बोललो, गाणं म्हटलं. पोलादपूरच्या स्टँडवर येऊन बाकावर बसल्यावर तू बूट काढलास आणि म्हणालास, "वसंता, मी नक्कल काढतो तेव्हा मूळ कागदातली चूकसुद्धा तशीच उतरवतो. पदरचं घालत नाही. तू आज माझ्या नावाच्या जागी पदरचं घातलंस."

"अरे, तुला भाऊ म्हटलं मी!"

"भाऊ कशाला म्हटलंस? मित्र म्हणायचं. बाळाराम म्हणायचं. पूर्ण नाव सांगायचं."

"आणि तिने पाणी दिलं नसतं तर?"

"नसतं दिलं तर नसतं दिलं. पण कदाचित दिलं असतं ना, वसंता. म्हातारी बरी होती. कदाचित नाव ऐकूनसुद्धा वरच बसवलं असतं. आता ते कधी कळायचं मला? तिने दिलं ते तुझ्या मावसभावाला. मला काय दिलं असतं, ते तू बघूच दिलं नाहीस."

मी आवाज चढवला. मी तुला म्हणालो, तुला माणसांत राहायचंच नाही, तुला दुखणं कुरवाळत बसायचंय. म्हणालो, उन्हात चक्कर येऊन पडला असतास म्हणजे कळलं असतं. म्हणालो, चांगलं केलं तरी तुमच्यासारख्यांना... तो "तुमच्यासारख्यांना" माझ्या तोंडातून पडला आणि मी वाक्य पुरं केलं नाही. पण पडायचं ते पडलं होतं. तू बूट घातलेस, नाडी नीट बांधलीस आणि महाडच्या गाडीत पुढच्या बाकावर जाऊन बसलास. मी मागे. उतरताना म्हणालास, "बराय." सहा महिन्यांनी आलो तेव्हाही "या, बसा" म्हणालास. मला, "या, बसा"!

चार वर्षं, बाळाराम. आठ खेपा. दर खेपेला मी तुझं मशीन उघडायचो. त्यात करण्यासारखं काही नसायचं, तरी तासभर लावायचो. तू बाजूला उभा राहून खाली बघायचास. मला वाटायचं, याने विषय काढावा. तुला वाटत असेल, याने काढावा. "चुकलं माझं" एवढे दोन शब्द. मी जगातली मशिनं सोडवतो, गंजलेला स्क्रू असला तर आदल्या दिवशी तेल घालून ठेवतो, दमाने घेतो. पण हे मला आठ खेपांत जमलं नाही. खरं सांगू? पहिली दोन वर्षं मला माझं चुकलंय असं वाटतच नव्हतं. उपकार केला आणि वर बोलणी खाल्ली, असंच मी पुण्यात सगळ्यांना सांगत होतो. तिसऱ्या वर्षी माझ्या मुलीला शाळेत कुणी दुसऱ्याच मुलीच्या नावाने बक्षीस दिलं. ती बक्षीस घेऊन रडत घरी आली. तिची समजूत घालता घालता मला कुडपण आठवलं. तेव्हापासून मला कळलं होतं, पण कळून उपयोग काय? रविवारी मी लॉजच्या गॅलरीत बसायचो, डोंगराकडे तोंड करून. एकट्याने जायची हिंमत नव्हती आणि तुला विचारायची त्याहून नव्हती.

या खेपेला, दिवाळीनंतर, शनिवारी संध्याकाळी तू टेबल आवरताना थांबलास. "उद्या काय करतोस?" चार वर्षांनी "करतोस" म्हणालास. आणि मी काय म्हणालो? "काही नाही, जरा कपडे धुवायचेत." तू "बरं" म्हणालास आणि सायकल काढलीस. तू मला बोलवत होतास का रे? की सहज विचारलंस? मी कपडे धुतलेही नाहीत.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी पांढरा सदरा घालून आलो होतो. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग नाझर मला पुढे ढकलून म्हणाले, "हे बाळारामांचे पुण्याचे मित्र, डोंगरातले सोबती, यांनी दोन शब्द बोलावेत." मी बुटाची गोष्ट सांगितली. लोक रडता रडता हसले. खाली बसलो तेव्हा मला स्वतःची शिसारी आली.

मंडळी पांगल्यावर सुमन वहिनी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या. पहिल्यांदा काय विचारावं त्यांनी? "पोट बरं हाय का आता तुमचं?"

मला कळेना.

"पथ्य हुतं ना. हे सांगायचे, वसंताला डाक्टरनं तिकट बंद केलाय, म्हनून आता आपल्याकडं जेवाला येत नाय. दर टायमाला मी म्हनायची, भाकरी तरी न्या त्यांना. तर दोघांची बांधून न्यायचे."

दोघांची बांधून न्यायचास. घरी तू माझं काहीच सांगितलं नव्हतंस. ना कुडपणचं, ना स्टँडवरचं. मी महाडला आलो की तू रविवारी एकटा डोंगरात जायचास आणि घरी सांगायचास की वसंता बरोबर आहे. मी त्यांच्या नजरेतून उतरू नये म्हणून. माझी अब्रू तू चार वर्षं तुझ्या घरात सांभाळलीस, आणि मी तुझी दहा मिनिटं सांभाळू शकलो नाही.

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? त्या शेवटच्या रईवारी तुमी कुडपनला गेलेलात ना. काय झालं हुतं तिकडं?"

"का, वहिनी?"

"आले ते हसत. हितंच बसले हुते, तुमी बसलाव तितं. नुसते हसत हुते, एकले एकले. इतक्या वरसांत मी त्यांना असं बघितलेलं नाय. मी म्हटलं, अवो झालंय तरी काय? तर म्हनाले, मोठी गोष्ट हाय, सवडीनं सांगतो. सोमवार-मंगळवार कोर्टात तारखेचं काम हुतं. आनि बुधवारी तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पुसून म्हणाल्या, "तुमी संगती हुतात. तुमीच सांगा."

बाळाराम, मला त्याच क्षणी कळलं. निदान कळल्यासारखं वाटलं. तू त्या घरापुढे गेला असशील. अंगणात उभं राहून नाव सांगितलं असशील, वडिलांचं, आडनाव, वस्ती, सगळं. आणि म्हातारीने... सगळी गोष्ट माझ्या जिभेवर तयार झाली. वहिनी, तिने ह्यांना ओळखलं, वर बसवलं, हातात तांब्या दिला, म्हणाली, मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंस? आम्ही दोघं पोटभर जेवलो, वहिनी. एवढं म्हटलं असतं तर त्या बाईला जन्मभर पुरलं असतं. खोटं ठरवायला कोण येणार होतं?

मी म्हणालो, "वहिनी, मी नव्हतो त्यांच्याबरोबर."

"त्या दिवशी?"

"चार वर्षं नव्हतो. मी लॉजवर असायचो."

आणि मग मी सगळं सांगितलं. बाटली मीच संपवली ते, मावसभाऊ, डोळा मारला तो, स्टँडवरचा शब्दसुद्धा. माझं चुकलं, वहिनी, असं म्हणालो. तुला म्हणायचं ते त्यांना म्हणालो. त्या ऐकत होत्या. मला वाटलं, आता ऊठ म्हणतील, चालता हो म्हणतील. मी त्याचीच वाट बघत होतो.

त्यांनी तसलं काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मंजे चार वरसं ते एकलेच फिरले?"

"हो."

"ती दोघांची भाकरी घेऊन?"

मी मान हलवली. त्या अंगणाकडे बघत राहिल्या. आत कुणी तरी भांडी आवरत होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. रागाने नाही, बाळाराम, राग असता तर बरं झालं असतं.

"मग आता मला कोन सांगंल भाऊ, ते कशाला हसत हुते?"

मला सांगता आलं नाही. मी तिथे नव्हतो.